उजवीकडे ओढणारी बोट

काबरंमामांबरोबर रस्त्याने चालायचं तर त्यांच्या डाव्या बाजूने चालावं लागे, आणि अधूनमधून कोपराने त्यांना उजवीकडे ढकलावं लागे. नाहीतर मामा बोलता बोलता तिरके होत जायचे आणि भिंतीला, गटाराला नाहीतर उभ्या सायकलीला जाऊन टेकायचे. मामींना ही ढकलाढकली इतकी अंगवळणी पडली होती की एकट्या बाजारात गेल्या तरी त्यांचं कोपर आपोआप हलायचं आणि शेजारून चाललेला एखादा परका माणूस दचकायचा.

मामांना ही खोड बोटीने लावली होती. सतरा वर्षं ते नदीवरच्या फेरीबोटीचे सारंग होते. सारंग म्हणजे ज्याच्या हातात चाक, ज्याच्या हातात सगळ्यांचा जीव. बोट सकाळपासून संध्याकाळपर्यंत या धक्क्यावरून त्या धक्क्यावर जायची आणि वळून परत यायची. पाणी रुंद आणि आळशी, वाटेत खडक नाही की भोवरा नाही. तरी प्रत्येक फेरीत निम्मं पाणी कापलं की बोटीचं नाक उजवीकडे ओढायला लागायचं. फार नाही, पण हट्टी गाय दावं ओढते तसं, न थांबता. मामा चाक डावीकडे दाबून धरायचे आणि धक्का येईपर्यंत सोडायचे नाहीत. सतरा वर्षं असं केल्यावर माणूस रस्त्यात सरळ कसा चालणार?

'का बरं?' हे दोन शब्द मामांच्या जिभेवर कायम तयार असायचे, म्हणून तर हे नाव पडलं. खरं नाव कागदोपत्री उरलं होतं. घड्याळाचे काटे याच दिशेने फिरतात, का बरं? कुत्रं बसण्याआधी गोल फिरतं, का बरं? लग्नात त्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं, की मांडवाचे खांब एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला सहा, का बरं? सासरे मोजायला गेले आणि वरात दारात थांबून राहिली. मामी अजून ते काढून दाखवतात.

तेव्हा बोट उजवीकडे का ओढते, हा प्रश्न त्यांनी सोडला असेल असं समजू नका. नदीच्या धारेमुळे म्हणावं, तर जातानाही उजवीकडे आणि वळून येतानाही उजवीकडेच, आणि नदी काही दोन्हीकडून वाहत नाही. वाऱ्याचं म्हणावं, तर वारा पडलेला असतानाही तेच. प्रवासी डाव्या कठड्याला गर्दी करतात हे सगळ्यांनाच दिसायचं. दोन्ही काठांना बोट डाव्या अंगाने लागते, उतरायची फळी डावीकडून पडते आणि वर रस्त्यावर बस उभी असते. जो आधी उतरेल त्याला बसायला जागा. म्हणून निम्मं पाणी कापलं की बाकांवरची माणसं उठून डावीकडे येऊन उभी राहायची, कडेवर पोरं, हातात पिशव्या. पण गर्दी डावीकडे आणि ओढ उजवीकडे! गर्दीमुळे ओढली असती तर डावीकडे ओढायला हवी होती. एवढा हिशोब कुणालाही समजतो, म्हणून गर्दीचं नाव त्यांनी कधीच खोडून टाकलं होतं.

या बोटीने चार मालक पाहिले. पहिले ते थोरले मालक. त्यांनीच ती बांधून घेतली. कमी बोलणारा, सदऱ्याच्या खिशात सुतारी पेन्सिल ठेवणारा माणूस. मामा विसाव्या वर्षी त्यांच्याकडे दोर फेकायच्या कामाला लागले. तेव्हा चाकावर उस्ताद होते. उस्ताद म्हणजे ज्यांनी मामांना दोराच्या गाठीपासून पाण्याच्या रंगापर्यंत सगळं शिकवलं, आणि शिकवताना अधूनमधून टपल्याही मारल्या. त्या काळात बोट भरलेली असली की पट्टीने रेघ मारावी तशी सरळ जायची. उस्ताद दोन बोटांनी चाक धरायचे.

मात्र रिकामी बोट धक्क्याला बांधलेली असली की जराशी उजवीकडे कललेली दिसायची. बोटीच्या तळात, फळ्यांखाली, उजव्या अंगाला लोखंडाचे सतरा तुकडे ठेवलेले होते. प्रत्येक हातभर लांब आणि उचलायला दोन हात लागतील असा. ते थोरल्या मालकांनी स्वतः रचलेले. मामांनी अर्थातच विचारलं, "मालक, एकाच बाजूला लोखंड, का बरं?"

थोरले मालक पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "रिकाम्या बोटीला काय विचारतोस? भरलेल्या बोटीला विचार."

मामांना वाटलं, झिडकारलं. ते गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा ते एका उत्तरावर गप्प बसले असतील, त्यातली ही एक.

चौदा वर्षांनी थोरले मालक वारले आणि बोट दुसऱ्या मालकाकडे गेली. हा माणूस म्हणजे टापटिपीचा अवतार. बुटांना रोज पॉलिश, टेबलावर कागद काटकोनात. पहिल्याच दिवशी धक्क्यावर उभा राहून त्याने बांधलेल्या बोटीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "ही अशी दारू प्यायल्यासारखी का उभी आहे? लोक काय म्हणतील?" तळात लोखंड आहे हे कळल्यावर तर त्याला शिसारीच आली. "अडगळ! काढून टाका ती."

काढलं मामांनी. एका दुपारी, एकट्याने, सतरा तुकडे खांद्यावरून वर आणले. बोट हळूहळू सरळ झाली आणि टापटीप मालक टाळ्या वाजवत म्हणाला, "वा! माझ्या सगळ्या माणसांत कामाचा माणूस एकच." चौतिशीतल्या दोरवाल्याला आणखी काय हवं? त्या दिवशी मामा हवेत होते. लोखंड कोण नेणार म्हटल्यावर त्यांनी चार तुकडे घरी नेले आणि परसात पाण्याच्या पिंपाखाली ठेवले. मामी खूश. बारा तुकडे धक्क्यावरच्या शेडमध्ये बाकांच्या पायांना टेकू म्हणून गेले. राहिला एक, तो त्यांनी कापडाने पुसून उस्तादांना भेट दिला. कशाला? तर कशालाही. लोखंड म्हटलं की उपयोगी पडतंच.

त्याच आठवड्यात टापटीप मालकाने बोटीला नवं सुकाणू बसवलं. आणि पुढच्या सोमवारपासून बोट उजवीकडे ओढायला लागली.

आता तुम्हीच सांगा, कुणीही काय म्हणेल? सुकाणू वाकडं बसलं. टापटीप मालकाने ते दोनदा काढून घातलं. फरक नाही. दोन वर्षांनी कंटाळून त्याने बोट दोन भावांना विकली. हे भाऊ एकमेकांशी बोलत नसत, नोकरांकरवी निरोप पाठवत, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं: सुकाणू चांगलं आहे, उस्तादांचा हात गेला. साठी उलटलेला माणूस, होतं असं. उस्तादांना निरोप मिळाला आणि चाक मामांच्या हातात आलं.

पहिल्याच फेरीत मामांनाही बोट ओढताना जाणवली. त्यांनी भावांना सांगितलंही. पण माणसांना एकदा कारण मिळालं की ती ते सहजी सोडत नाहीत. धक्क्यावर नवीच चर्चा सुरू झाली, की उस्तादांनी दोन वर्षं चुकीच्या हाताने हाकून बोटीलाच खोड लावली, बैलाला लागते तशी. भावांनी सुकाणू बदललं, मग पाण्याखालचा पंखा बदलला. बोट ओढतच राहिली आणि उस्तादांच्या नावाला डाग राहिला तो राहिलाच. मामांनाही अधूनमधून वाटायचं, असेल बाबा, लागलीही असेल खोड.

उस्ताद त्यानंतर बोटीत बसले नाहीत. पलीकडच्या काठावर काही काम निघालं तर पुलावरून दीड तासाचा वळसा घालून जायचे. मामा वर्षातून एकदा त्यांच्याकडे जायचे, आणि दोघंही बोट सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे. सूनबाई चहा आणायची. मामांना भरलेला कप, उस्तादांना अर्धा. "त्यांच्या हाताला भरवसा नाही ना," ती हळूच म्हणायची, आणि बिचारी काळजीनेच म्हणायची. हात गेला असं एकदा घरात शिरलं की ते कपापर्यंत पोचतं. उस्ताद तो अर्धा कप दोन्ही हातांनी धरून प्यायचे. मामांचा कप भरलेलाच राहायचा, कारण बोटीच्या चाकावरची त्यांची जागा उस्तादांची होती, हे दोघांनाही माहीत होतं.

तर अशी सतरा वर्षं गेली आणि भावांनी बोट एका कंपनीला विकली. कंपनीने एक साहेब पाठवला. तरुण, नम्र, सगळं मोजून बघणारा. त्याच्याबरोबर एक सारंगबाई आली. तिशीतली, रीतसर शिकलेली, केसांना घट्ट रुमाल बांधलेली. मामांना तिने पहिल्या दिवसापासून "मामा" म्हटलं आणि मामांनी तिला पहिल्या तासात एकोणीस प्रश्न विचारले. त्यातल्या अकरांची उत्तरं तिला आली. मामांच्या मनात ती तिथेच बसली.

साहेबाला बोटीची तक्रार कळली होती. सुट्टीच्या दिवशी त्याने सारंगबाईला चाकावर उभं केलं आणि बोट चाचणीला काढली. रिकामी. मामा धक्क्यावर उभे होते. बोट निघाली, निम्म्या पाण्यात गेली, पलीकडे पोचली, वळून परत आली. चाक सोडून दिलं तरी केसभर हलली नाही.

साहेब खाली उतरला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्यामुळे ते आणखी कठीण झालं. "मामा, बोटीत दोष नाही. राग मानू नका, पण हात बघायला हवा. एक तारखेपासून तुम्ही गेटवर तिकिटं बघा. पगार तोच राहील. चाक बाई सांभाळतील."

एक तारखेला दहा दिवस होते.

मामा घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. पेला काठोकाठ भरला, उजव्या हातात धरला आणि परस ओलांडून पिंपापर्यंत गेले. मग डाव्या हातात धरून परत आले. मामी दारात उभ्या. "काय चाललंय?"

"सांडलं का?"

मामींनी फरशी पाहिली. "नाही. पण तुम्ही वाट सोडून भिंतीकडे चालला होतात."

"ते पायांचं झालं. हाताचं विचारतोय."

"हाताला काय धाड भरलीय? चांगला आहे हात."

"मग का बरं?" मामा म्हणाले. या वेळी त्या दोन शब्दांना नेहमीची धार नव्हती. दहा दिवसांनी आपल्यालाही कुणी अर्धा कप देईल, हे त्यांना त्या पेल्यात स्पष्ट दिसलं होतं. मामींनाही दिसलं असावं. त्यांनी पेला काढून घेतला आणि जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारंगबाई दारात हजर. दुपारच्या चार फेऱ्या तिने हाकल्या होत्या, प्रवाशांनी भरलेल्या. तिने चपलाही काढल्या नाहीत. "मामा, आज मलाही ओढली."

"काय सांगतेस?"

"शप्पथ. निम्म्या पाण्यापासून. हात भरून आलाय माझा. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, नवीन आहात, सवय नाही. काल रिकामी होती तेव्हा कुठे गेली होती सवय?"

मामा खुर्चीतून उठले, बसले, परत उठले. काल रिकामी होती. आज भरलेली होती. आणि एकदम त्यांच्या कानात सुतारी पेन्सिलीला टोक होत असल्याचा आवाज आला. भरलेल्या बोटीला विचार.

"बाई," ते म्हणाले, "उद्या तू चाक धर. मी प्रवासी होतो."

तेहतीस वर्षांत मामा आपल्याच बोटीत बाकावर कधी बसले नव्हते. चाकाच्या खोलीला मागे पत्र्याची भिंत. सतरा वर्षं त्यांनी प्रवाशांचे फक्त पाय ऐकले होते. दुसऱ्या दिवशी ते मधल्या बाकावर बसले, पाण्याची बाटली पायाशी ठेवली आणि डोळे उघडे ठेवले. निम्मं पाणी आलं. माणसं उठली, डावीकडे सरकली. बाटली आडवी झाली आणि गडगडत डाव्या कठड्याकडे गेली. मामांनी मान वर करून बोटीच्या नाकाकडे पाहिलं. नाक उजवीकडे चाललं होतं. बाटली डावीकडे, नाक उजवीकडे, आणि अगदी एकाच क्षणी.

पलीकडे उतरल्यावर त्यांनी सारंगबाईला गाठलं. "बोट डावीकडे कलली की तिचं नाक उजवीकडे का जावं? उलटं नाही का?"

बाई थबकली. "उलटंच जातं, मामा. आम्हाला शिकवलं होतं. ज्या अंगाला कलते तिकडचं पोट पाण्यात जास्त बुडतं आणि ते पोटच तिला दुसरीकडे ढकलतं." मग तिने कपाळावर हात मारला. "मी परीक्षेत लिहिलंय हे!"

"लिहिलंस ते राहू दे. बघायला हवं."

बघायचं कसं? परतीच्या फेरीत निम्मं पाणी आल्यावर मामा बाकावर उभे राहिले आणि ओरडले, "मंडळी, जरा सगळे उजवीकडे या बघू!"

कुणी हललं नाही. एक पिशवीवाले काका म्हणाले, "का? डावीकडे आग लागलीय का?" बसमधली जागा सोडून सारंगाच्या सांगण्यावरून कोण हलणार? मामांना रागही आला आणि हसूही. मग ते खाली उतरले, एकटेच उजव्या कठड्याशी गेले, वाकले आणि पाण्यात टक लावून बघत राहिले. नुसते बघत राहिले. एकदा मान जराशी हलवली. एकदा "अरेच्चा" म्हणाले, ते पण हळूच.

आधी एक बाई आली. "काय आहे हो?" मामांनी ओठांवर बोट ठेवलं. तिच्यामागून तिची नणंद आली, मग दोन कॉलेजची मुलं, मग "काय पडलं? कुणी पडलं का?" करत आख्खी गर्दी. पिशवीवाले काका सगळ्यांना कोपरं मारत पहिल्या रांगेत पोचले. डाव्या कठड्याला कुणी उरलं नाही. पाण्यात पाण्याशिवाय काहीही नव्हतं, पण शंभर माणसं ते जीव ओतून बघत होती.

बोट उजवीकडे कलली. आणि वरून, चाकाच्या खोलीतून, सारंगबाईचा आवाज आला, "मामा! डावीकडे! आता डावीकडे ओढतेय!"

मामांनी कठडा घट्ट धरला. त्यांना नाचावंसं वाटलं. दोष हातात नव्हता. त्यांच्या हातात नव्हता, आणि... आणि इथे त्यांचा आनंद मध्येच थांबला. उस्तादांच्याही हातात नव्हता. मग आधी बोट सरळ का जायची? तीच गर्दी, तीच फळी, तीच बस. डावीकडच्या माणसांचं वजन कोण तोलून धरत होतं?

"काय दिसलं हो शेवटी?" काकांनी विचारलं.

"लोखंड," मामा म्हणाले. काकांनी पुन्हा वाकून पाहिलं.

घरी जाऊन ते परसात पिंपासमोर उभे राहिले. चार तुकडे, गंजलेले, शेवाळलेले, एकोणीस वर्षं तिथेच. रोज सकाळी ते याच पिंपातलं पाणी तोंडावर मारून बोट उजवीकडे का ओढते याचा विचार करत कामाला जायचे. मामी बाहेर आल्या तेव्हा ते पिंप रिकामं करत होते.

"माझं पिंप कुठे नेताय?"

"पिंप नाही. त्याच्या खालचं."

साहेबासमोर सारंगबाईने कागदावर आकृती काढून सगळं समजावलं. साहेब हुशार होता. त्याने दोनच प्रश्न विचारले आणि मान डोलावली. मग तिसरा विचारला. "एवढी साधी गोष्ट. ते लोखंड काढलं कुणी?"

सारंगबाईला हे माहीत नव्हतं. टापटीप मालक आता कुठे असेल देव जाणे, त्याच्यावर ढकललं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. मामा म्हणाले, "मी काढलं. या दोन हातांनी."

साहेबाने आकृतीचा कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. "मग तुम्हीच ठेवा परत. आणि चाकावर तुम्हीच राहा."

शेडमधल्या बाकांखालचे बारा आणि पिंपाखालचे चार मामांनी स्वतः आत रचले. त्या दिवसापासून शेडमधले बाक डुगडुगायला लागले आणि मामींचं पिंप विटांवर आलं. बोट मात्र शहाण्यासारखी वागली. वागले नाहीत ते मामांचे हात. सतरा वर्षं डावीकडे दाबायची सवय, बोट सरळ चालली तरी हात दाबतच राहायचे, आणि पहिल्या दिवशी मामांनी धक्क्याला अशी काही धडक दिली की तिकीटवाल्याची पेटी खाली पडली. सारंगबाई तोंडावर रुमाल धरून हसली. "मामा, आता खरंच हात बघायला हवा."

मामाही हसले. पण त्यांच्या मनात सतरावा तुकडा होता.

रविवारी ते मामींना घेऊन उस्तादांकडे गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकताना मामांच्या पायाला काहीतरी लागलं आणि ते धडपडले. खाली पाहिलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला लोखंडाचा तुकडा, पाय लागून लागून वरून चकचकीत झालेला.

उस्ताद आतून म्हणाले, "सांभाळून. तूच दिलेला आहे तो. दाराला फार कामाचा आहे. मी रोज त्याच्यावर पाय ठेवून चपला घालतो."

मामा खाली बसले, तिथेच, उंबऱ्यापाशी. आणि त्यांनी सगळं सांगितलं. टापटीप मालक, टाळ्या, पिंप, बाटली, उजवा कठडा. मध्ये थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. "हात तुमचा गेला नव्हता, उस्ताद. मी लोखंड काढलं होतं."

सूनबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

उस्ताद आत बसलेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, हात मांडीवर, तळवे वर केलेले. त्या तळव्यांकडेच बघत होते. मग म्हणाले, "साऱ्या जगाला का बरं, का बरं म्हणून भंडावून सोडायचास तू. चंद्र का, कुत्रं का, माझ्या मिशा का. आणि ज्या दिवशी विचारायला हवं होतं त्या दिवशी नाही विचारलंस?"

"मालकाने शाबासकी दिली," मामा म्हणाले. "विचारायचं राहून गेलं."

"राहून गेलं," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मामांना बरं वाटलं असतं. "सतरा वर्षं मी या घरात चमच्यालाही घाबरलो."

शेवटी उस्ताद स्वतःच उठले. दाराशी आले, वाकले, आणि मामा पुढे होण्याआधी तो तुकडा दोन्ही हातांनी उचलला. दार मागे आपटलं. "चला," ते म्हणाले, "एवढा एक कमी असताना ती सरळ कशी जाईल?"

जात होती, तशी बरी जात होती. पण हे सांगण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

धक्क्यापर्यंत तुकडा त्यांनी कुणाला घेऊ दिला नाही. तळात मामांबरोबर उतरले आणि सोळा तुकड्यांच्या शेजारी सतरावा ठेवून तळहाताने नीट सरकवला. साहेब रविवारी येत नाही. सारंगबाईने चाकाच्या खोलीचं दार उघडं धरलं आणि स्वतः बाजूला झाली. मामांनाही तिने बाजूला केलं. बोट भरलेली होती. निम्म्या पाण्यात माणसं उठली आणि आपापल्या पिशव्या, पोरं घेऊन डाव्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. सूनबाई आणि मामीही त्यांच्यात उभ्या होत्या. मामा बघत होते ते फक्त चाकाकडे. उस्तादांनी ते दोन बोटांनी धरलं होतं.

पलीकडचा धक्का आला. बोट अशी टेकली की उभ्या माणसांपैकी कुणाला कठडा धरावा लागला नाही. पिशवीवाले काका नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी उतरले आणि वर पळाले.

धक्क्यावर सूनबाईने पिशवीतला थर्मास काढला. मामांना भरून कप दिला, सारंगबाईला दिला, मामींना दिला. उस्तादांचा कप तिने अर्धा भरला आणि पुढे केला. सतरा वर्षांची सवय, तिचा तरी काय दोष?

उस्तादांनी कप घेतला नाही. "भरून दे," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग ओतत राहिली, कप काठोकाठ येईपर्यंत. उस्तादांनी कप एका हातात घेतला आणि धक्क्याच्या पायऱ्या चढायला लागले. मामा त्यांच्या मागून निघाले, कपावरची नजर न हलवता, आणि मामी डाव्या बाजूने त्यांना ढकलत होत्या. चौदा पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर पोचेपर्यंत एक थेंबही सांडला नाही.